सत्तावीस पिशव्यांची राखण

चौऱ्याऐंशी नंबरच्या बसला रांग लागे ती पिशव्यांची. माणसं आसपास असत. कोणी बाकावर, कोणी नळावर, बरीचशी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सकाळी सातला पहिली पिशवी सहा नंबरच्या फलाटावर खांबाला टेकून बसे आणि पावणेआठपर्यंत तिच्यामागे पंचवीस-तीस पिशव्यांचं शेपूट तयार होई. त्या अवाढव्य स्टँडवर एकूण बावीस फलाट होते. एकवीस फलाटांवर माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देऊन भांडत असत आणि सहावर कमालीची शांतता असे. पिशव्यांना भांडता येत नाही, हा त्यांचा मोठाच गुण म्हणायचा.

आता पिशव्या म्हटल्या की त्यांच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं. या कामाला तिथे 'राखण' म्हणत. रोज एकाने राखण करायची आणि बाकीच्यांनी निवांत चहा प्यायचा. ही राखण कोणाला द्यायची ते गुरुजी ठरवत. गुरुजी म्हणजे रांगेतली कायमची पहिली पिशवी. शाळेतून निवृत्त होऊनही ते शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन तास गणित शिकवायला जात, आणि उरलेला सगळा दिवस भेटेल त्याला दुरुस्त करण्यात घालवत. 'पावणेआठ झाले' असं कोणी म्हणालं की ते घड्याळ बघून 'सात त्रेचाळीस' म्हणत. त्यांच्यापुढे बोलताना माणसं वाक्य मनात एकदा तपासून घेत.

आपले हेडक्लार्क या रांगेत चौदा महिने होते. विमा कंपनीत त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती, पण सहा नंबरच्या फलाटावर त्यांना कोणी विचारत नव्हतं. चौदा महिन्यांत पोस्टातल्या शिपायाला नऊ वेळा राखण मिळाली. एका औषधविक्रेत्याला, जो येऊन जेमतेम चार महिने झाले होते, त्यालाही मिळाली. हेडक्लार्क रोज पिशवी ठेवत, गुरुजींकडे बघत, आणि गुरुजी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत. हे त्यांना फार लागलं होतं. घरी त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणजे दिवसातून दोनदापेक्षा जास्त बोलून दाखवलं नाही.

आणि एका बुधवारी बसमध्ये चढता चढता गुरुजी त्यांना म्हणाले, "उद्या तुम्ही."

हेडक्लार्क त्या दिवशी ऑफिसात शिपायाशीसुद्धा प्रेमाने वागले.

"म्हणजे तुम्ही उभे राहणार आणि बाकीचे चहा पिणार," बायको म्हणाली.

"तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

हेडक्लार्कांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगताना त्यांच्याही लक्षात आलं की ते तसंच आहे. तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला आणि शेजारी गेले.

शेजारचे काका लष्कराच्या भांडारात तीस वर्षं नोकरी करून आले होते. कोणत्याही विषयावर त्यांचा सल्ला भांडारातून सुरू होई. "ताब्यात घेताना मोजायचं, देताना मोजायचं," काका म्हणाले. "आणि प्रत्येक नगावर नंबर. नंबर नाही तर नग नाही. बत्तीस हजार बूट सांभाळलेत मी. एकाचा जोड चुकला नाही."

मेहुणा सहज म्हणून आला होता. तो म्हणाला, "दाजी, अशा वेळी पुढाकार घ्यायचा. नुसतं उभं राहायला काय, खांबही उभा राहतो."

हेडक्लार्कांनी दोन्ही सल्ले मनावर घेतले. एकच घेतला असता तरी पुढचं बरंचसं टळलं असतं.

गुरुवारी सकाळी ते मुलीच्या दप्तरातला खडू खिशात घालून स्टँडवर हजर झाले. पिशवी आली की तिच्यावर नंबर घालायचा, असा सपाटा त्यांनी लावला. गुरुजींच्या काळ्या बॅगेवर एक. गुरुजींनी ते बघितलं आणि चक्क मान हलवली. "कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "नऊ काढाल तेव्हा नीट काढा. लोकांचा नऊ सहासारखा दिसतो."

तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या काकू मात्र बिथरल्या. "अहो, नवी आहे ना पिशवी! रेघोट्या काय मारताय?"

"खडू आहे काकू. पुसला जातो."

"पुसणार कोण?"

काकूंचा नंबर तीन. एक आणि तीन यांच्यामध्ये एक करडी, चेनवाली पिशवी होती. ती दोन नंबरवाल्या साहेबांची.

या साहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते कोणी मोठे अधिकारी होते. शेवटच्या क्षणी यायचे आणि मागच्या दाराने चढायचे, म्हणून त्यांची पिशवी गुरुजी आणून रांगेत ठेवत आणि बसमध्ये आपल्या शेजारच्या सीटवर नेऊन ठेवत. साहेब मागेच कुठेतरी बसत असणार. गुरुजींनी हे सात-आठ वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं आणि गुरुजींना कोण उलट विचारणार? काकूंच्या मते साहेब उंच होते आणि मितभाषी. बँकेतल्या कॅशियरने तर आपल्या भाच्याच्या नोकरीचा अर्ज गुरुजींच्या हाती त्यांच्याकडे पोचता केला होता. काम होईल असा त्याला विश्वास होता, कारण साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं.

पावणेआठला, म्हणजे सात त्रेचाळीसला, सत्तावीस पिशव्या नंबर घालून एका ओळीत उभ्या होत्या. मंडळी टपरीवर गेली. हेडक्लार्क हात मागे बांधून ओळीच्या कडेने चालू लागले. एकोणिसावी त्यांची स्वतःची होती, पण तिच्याकडेही त्यांनी परक्यासारखंच बघितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना तो फलाट आपला वाटला.

तेवढ्यात कर्णा खरखरला. "चौऱ्याऐंशी नंबरची गाडी आज फलाट क्रमांक चौदावर लागेल. आठ वाजता सुटेल."

हेडक्लार्क जागच्या जागी थिजले. टपरी फाटकाबाहेर होती. बोलवायला जावं तर पिशव्या उघड्यावर. ओरडावं तर आठ इंजिनं घरघरत होती आणि त्यांचा आवाज फायलींच्या खोलीत वाढलेला. त्यांनी दोनदा "अहो!" असं ओरडून पाहिलं. दहा नंबरच्या फलाटावरच्या एका अनोळखी बाईंनी "काय?" म्हणून विचारलं, इतकंच.

मग त्यांना मेहुणा आठवला. पुढाकार घ्यायचा.

हिशोब सोपा होता. एका खेपेला चार पिशव्या, म्हणजे सात खेपा. एका खेपेला एक मिनिट. मंडळी येतील तेव्हा सगळी रांग चौदावर जशीच्या तशी, नंबरवार उभी. गुरुजी काय म्हणतील ते वाक्यसुद्धा त्यांनी मनात रचलं. एक ते चार नंबर दोन्ही हातांत घेऊन ते निघाले. वाटेत त्यांना वाटलं की डाव्या हाताला काहीतरी गंमत आहे. दोन नंबरची पिशवी दिसायला फुगलेली, पण तिला वजनच नव्हतं. आत काहीतरी खसखसत होतं. मात्र अधिकाऱ्यांच्या पिशवीबद्दल विचार करायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या ध्यानात आलं की आता पिशव्या दोन ठिकाणी आहेत आणि राखणदार एक आहे. तो सहावर असला तर चौदा उघडा, चौदावर असला तर सहा उघडा, आणि मध्ये असला तर दोन्ही उघडे. यावर उपाय एकच, तो म्हणजे धावणे. हेडक्लार्क धावू लागले. चौथ्या खेपेला त्यांच्या शर्टाचं खालून दुसरं बटण गेलं. सहाव्या खेपेला बावीस नंबरचा बंद तुटला.

आता हेच चौदा नंबरच्या फलाटावरून कसं दिसत होतं तेही बघायला हवं. एक घामाघूम गृहस्थ कुठूनसे धावत येतात, खडूने आकडे घातलेल्या चार पिशव्या जमिनीवर ठेवतात, चोहीकडे घाबरून बघतात आणि पळून जातात. थोड्या वेळाने आणखी चार आणतात. तिथल्या रखवालदाराने तीन खेपा बघितल्या, चौथीला शिट्टी तोंडात धरली आणि सातवीला फुंकली. फलाट चौदा क्षणात रिकामा झाला. हेडक्लार्क तेवढे उरले.

"कोणाच्या या पिशव्या?"

"आमच्या."

"तुमच्या एकट्याच्या?"

"नाही, लोकांच्या."

"कुठायत लोक?"

"चहा पितायत."

"आकडे कोणी घातले?"

"मी," हेडक्लार्क म्हणाले. त्याही स्थितीत त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "नऊ बघा, अगदी स्पष्ट आहे."

रखवालदाराने नऊ बघितला नाही. त्याने ढकलगाडी मागवली. ज्या सामानाशेजारी मालक नाही ते सामान बेवारस, आणि बेवारस सामान 'सापडलेल्या वस्तूंच्या' खोलीत जमा करायचं, असा नियम होता. हेडक्लार्कांनी एकोणीस नंबरची तरी माझी आहे असं विनवून सांगितलं. रखवालदार म्हणाला, "मघाशी सगळ्याच तुमच्या होत्या."

ढकलगाडी कोपऱ्यावर वळली आणि कर्णा पुन्हा खरखरला. चौऱ्याऐंशी नंबरची गाडी नेहमीप्रमाणे फलाट सहावरूनच सुटेल. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल तो काही बोलला नाही.

टपरीवरून मंडळी सहावर पोचली तेव्हा बस उभी होती, दार उघडं होतं आणि रांग नव्हती. तरीही कोणी चढलं नाही. डबे, चष्मे, किल्ल्या सगळं पिशव्यांत होतं हे एक कारण. पण खरं कारण असं की पिशव्यांशिवाय कोणाचा नंबर कितवा हेच कोणाला सांगता येईना. औषधविक्रेता पायरीवर पाय ठेवायला गेला तर काकूंनी त्याला मागे ओढलं. कंडक्टर म्हणाला, "चढा की!" पंचवीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. ठीक आठला बस तीन परक्या माणसांना घेऊन निघून गेली. त्यातला एक तर खिडकीपाशी, गुरुजींच्या जागेवर बसला होता.

मग हेडक्लार्क येऊन पोचले. शर्ट बाहेर, केस उभे, हात रिकामे.

"पिशव्या कुठायत?" गुरुजींनी विचारलं.

हेडक्लार्कांनी सांगितलं.

सापडलेल्या वस्तूंची खिडकी नऊला उघडत होती. एक तास सगळे त्या बंद खिडकीसमोर उभे होते, आणि पिशव्या नसल्यामुळे स्वतःच उभे होते. पाय दुखले तशी माणसं बोलू लागली. कॅशियरची तिजोरीची किल्ली आत होती, म्हणजे बँकेत पन्नास माणसं ताटकळत असणार. काकूंचा अर्धा दिवस कापला जाणार होता. "खडू घेऊन आला तेव्हाच मी म्हटलं होतं," असं सात जण म्हणाले. त्यांतलं कोणीही तेव्हा काही म्हटलेलं नव्हतं.

शेवटी गुरुजी हेडक्लार्कांकडे वळले. "राखण काढून घेतली," ते म्हणाले. "आणि उद्यापासून तुमची पिशवी सगळ्यांत शेवटी. पहाटे पाचला या, तरी शेवटी."

उशिराचा शेरा, गेलेलं बटण, ऑफिसातल्या साहेबांची बोलणी हे सगळं हेडक्लार्कांनी सोसलं असतं. पण चौदा महिने ज्यांनी आपल्याला एकदा तरी 'बरोबर' म्हणावं म्हणून वाट बघितली, त्यांनीच असं सगळ्यांदेखत शेवटी नेऊन बसवलं, हे त्यांना सहन होईना. ते बूट बघत राहिले.

खिडकी उघडली. आत एक शांत बाई होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. प्रत्येकाने पुढे यायचं, पिशवी दाखवायची, आत काय आहे ते आधी तोंडी सांगायचं, मग बाई उघडून पडताळणार, मग अर्ज, मग सही. तोंडी सांगताना मोठ्याने, कारण मध्ये काच होती.

त्या खिडकीसमोर बऱ्याच जणांची अब्रू हलकी झाली. साखर सोडल्याचं वर्षभर सांगणाऱ्या कॅशियरच्या बॅगेत क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे निघाले. एका कडक शिस्तीच्या गृहस्थांच्या पिशवीत लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं, आणि ते वाचत कुठवर आलेत याची खूणही. हेडक्लार्कांची पाळी आली तेव्हा त्यांनी डबा, छत्री आणि कपाटाची किल्ली सांगितली.

"आणि हा कागद?" बाईंनी घडी उलगडून वाचायला सुरुवात केली. "'राखणीबाबत सूचना. एक. कोणत्याही परिस्थितीत पिशव्या जागेवरून हलवू नयेत.'"

"तो कच्चा मसुदा आहे," हेडक्लार्क म्हणाले.

साडेदहा वाजता टेबलावर एकच पिशवी उरली. करडी, चेनवाली.

"नंबर दोन," बाईंनी हाक मारली.

"ते साहेब आज दिसले नाहीत," काकू म्हणाल्या. "नेहमी शेवटच्या मिनिटाला येतात. गर्दी बघून परत गेले असतील बिचारे."

"मालक नसेल तर सगळ्यांसमोर उघडून यादी करावी लागते. नियम आहे."

"उघडायची काही गरज नाही," गुरुजी एकदम म्हणाले. "मी देईन नेऊन. मला माहिती आहेत ते."

"नाव सांगा त्यांचं."

हेडक्लार्कांनी मान वर केली. गुरुजींचे कान लाल झाले होते. उत्तर न येणाऱ्या मुलासारखे ते खाली बघत होते. हेडक्लार्कांना डाव्या हातातली ती बिनवजनाची, खसखसणारी पिशवी आठवली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन नंबरवाले साहेब नव्हतेच. कधीच नव्हते.

खरं तर आता त्यांना आनंद व्हायला हवा होता. एक शब्द उच्चारला असता तर शेवटच्या नंबराला गुरुजी गेले असते. पण त्यांना त्या म्हाताऱ्या माणसाची कीवच आली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत ते पुढे झाले.

"साहेबांनी मला कळवलंय," ते म्हणाले. "त्यांची पिशवी मी ताब्यात घेतो."

सगळे बघायला लागले. गुरुजीही बघायला लागले.

"आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कागद. सरकारी कागद."

"आणखी?"

"डबा असेल. जेवणाचा."

"डबा नाही," गुरुजी हळूच म्हणाले.

"बरोबर, डबा नाही. एक फाईल आहे. आणि एक टॉवेल."

"टॉवेल नाही!" गुरुजींना राहवेना. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीचं उत्तर ऐकून सोडलं नव्हतं. "उशीचा अभ्रा आहे. निळ्या काठाचा. आत वर्तमानपत्रं आहेत. आठ!"

बाईंनी चेन उघडली, अभ्रा काढला, वर्तमानपत्रं एकेक करून मोजली. "नऊ," त्या म्हणाल्या.

"आठ. एकाची पुरवणी तुम्ही वेगळी धरलीत."

बाईंनी पुन्हा मोजलं. आठच होती. तळाशी कॅशियरच्या भाच्याचा अर्जही होता, घडी न मोडलेला.

गंमत म्हणजे राग असा कोणाला आला नाही. काकूंचा चेहरा तर कोणी जवळचं गेल्यासारखा झाला होता. "मग परवा मला 'सरका' म्हणाले ते कोण?" त्यांनी विचारलं. कॅशियरने अर्ज घेतला आणि खिशात घातला.

पिशवी काही परत मिळाली नाही. पिशवी दोन नंबरवाल्याची आहे असं सव्वीस जणांनी आपापल्या अर्जात, 'बाकीच्या पिशव्या कोणाच्या' या रकान्यात, आधीच लिहून दिलं होतं, आणि दोन नंबरवाल्याची सही आणणं कोणाच्याच हातात नव्हतं. बाईंनी ती फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क नेहमीच्या वेळी आले आणि मुकाट्याने शेवटी जाऊन पिशवी ठेवू लागले. पहिल्या नंबरावर काळी बॅग होती. तिच्यामागे एका पिशवीएवढी जागा सोडून काकूंची पिशवी होती. ती जागा बुजवायला कोणी धजावलं नव्हतं.

"इकडे आणा," गुरुजी म्हणाले.

हेडक्लार्कांनी आजूबाजूला बघितलं. काकू हुंकारल्या, पण पाव इंच मागे सरकल्या. पिशवी दोन नंबरावर टेकली. बस आली, दार उघडलं, आणि चौदा महिन्यांत प्रथमच हेडक्लार्क पुढच्या सीटवर, गुरुजींच्या शेजारी बसले. त्यांची छाती भरून आली. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "आज आठला बरोबर सुटली."

"आठ वाजून एक," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या चौकाच्या पुढे गुरुजींचे डोळे मिटले. तिसऱ्या चौकात मान कलली. चौथ्या चौकात त्यांचं पांढरं डोकं हेडक्लार्कांच्या खांद्यावर येऊन टेकलं, तोंड किंचित उघडं राहिलं आणि बारीक घोरणं सुरू झालं. ज्या माणसाने जन्मभर बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोरांना उभं केलं, तो रोज सकाळी दहा मिनिटांत असा ढेर होत होता, आणि ते शेजारी बसून कोणी बघू नये म्हणून त्याने एक अख्खा अधिकारी सात-आठ वर्षं पाळला होता. मागून कोणीतरी हसलं. हेडक्लार्कांनी मान वळवून असं काही बघितलं की हसणं तिथेच थांबलं.

खांदा अवघडला. मुंग्या आल्या. विमा कंपनीची इमारत खिडकीत दिसली, जवळ आली. काल उशिराचा शेरा बसला होता आणि ऑफिसातल्या साहेबांनी उद्या वेळेवर या म्हणून बजावलं होतं. कंडक्टरने स्टॉपचं नाव पुकारलं आणि हेडक्लार्कांकडे बघितलं.

हेडक्लार्कांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, आणि बस पुढे गेली.